डोंगळ्यांवरचा वारा

रविवार, १२ एप्रिल १९८७. झावळ्यांचा रविवार. उपासनेला गर्दी, पाळकसाहेबांचा घसा बसलेला. येताना कैऱ्या घेतल्या. दुपारी मागच्या खोलीत भिकनने टीव्ही लावला, पण डोंगळे दिसले नाहीत. लता मोरीत तोंड धुण्याच्या निमित्ताने रडत होती. विठाबाई गाढ झोपली होती, काल खूप गायली म्हणे. नळाला पाणी आले नाही.

त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी लावलेली ही सवय. घडले तेवढे लिहावे, विलाप लिहू नये. पण भिकन पगारेबद्दल एवढ्यावर थांबणे मला पटत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमचे मिस्टर गेल्यावर शरणपूर रस्त्याच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मी भाड्याने द्यायच्या ठरवल्या. १९८१ च्या मे महिन्यात भिकन विचारायला आला. सडपातळ, सावळा, खिशाला टेस्टर लावलेला. अंबडच्या एका कारखान्यात विजेची उपकरणे तपासायच्या विभागात कामाला होता. खोल्या पाहिल्या, बटणे दाबून पाहिली आणि दारातच उभा राहून म्हणाला, "बाई, आधीच सांगतो. आम्ही बौद्ध आहोत. दोन ठिकाणी आडनाव ऐकून खोली भरली म्हणाले."

मी म्हटले, "आम्ही ख्रिस्ती. आम्हालाही कुणीतरी पहिल्यांदा खोली दिलीच असेल. पाण्याची वेळ सकाळी सहाची, तेवढी सांभाळा."

महिनाभराने तो बायकोला, लताला, आणि आईला घेऊन आला. आई विठाबाई. देवळ्याकडच्या एका खेड्यात तिने जन्मभर दुसऱ्यांच्या कांद्यात मजुरी केली. नवरा लवकर गेला. त्या मजुरीवर भिकन शिकला, आयटीआय झाला. नाशकात येऊनही तिची बोली तिकडचीच राहिली. मला ती ‘बाय’ म्हणायची. दुपारी माझ्या पायरीवर येऊन बसायची आणि लेकाच्या कागाळ्या सांगायची.

कागाळ्यांना खरे कारण मिळाले १९८४ साली. कारखान्यातल्या एका साहेबांना परदेशातून कुणीतरी घरगुती संगणक आणून दिला होता. दिसायला नुसता टाइपरायटरच्या बटणांचा चपटा डबा, टीव्हीला जोडायचा. त्याची माहिती साध्या गाण्याच्या कॅसेटमध्ये भरून ठेवायची आणि टेपरेकॉर्डर लावून परत डब्यात घ्यायची. तो बिघडला, साहेबांना नको झाला, तेव्हा भिकनने मागून आणला आणि चार महिने खटपट करून दुरुस्त केला. ती कॅसेट वाजू लागली की खरखर आणि किंचाळी असा आवाज निघायचा. कुत्रे भुंकायचे.

"बाय, हाऊ पोऱ्या त्या डबाशी बोलस," विठाबाई म्हणायची. "मायसंगे बोलाले त्याले येळ नई. आनि तो डबा बी काय बोलस? नुसता रडस."

"माय, तो रडत नाही. ती त्याची भाषा आहे," भिकन आतून ओरडायचा.

"मंग त्याले मराठी शिकाड!"

लता हसायची. तिचेही एक ठरलेले वाक्य होते, "सवत आणली असती तर भांडता तरी आलं असतं."

भिकन त्यावर काय करतो हे मला दोन वर्षे नीटसे कळले नाही. हिशेबाचे काही असेल असे वाटे. १९८६ च्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी त्याने मला बोलावले. विठाबाई खाटेवर, लता दारात, मी खुर्चीवर. कॅसेट लावली. चार भाग होते, एकामागून एक. तेवढा वेळ ती किंचाळी सहन करत आम्ही काळ्या पडद्याकडे पाहत बसलो. मग आवाज थांबला.

काळ्या पडद्यावर एक पांढरा गोळा उमटला, दांड्यावर उभा. मग दुसरा. मग रांगच्या रांग. कांद्याचे बी धरतात तेव्हा कांदा उपटत नाहीत, त्याला दांडा फुटू देतात आणि टोकाला पांढऱ्या फुलांचा चेंडू येतो. त्यांना डोंगळे म्हणतात. बसमधून देवळ्याकडे जाताना मी ती शेते पाहिली होती. तेच शेत टीव्हीत होते. पांढरे ठिपके, बाकी काळोख. आणि मग वारा आला. एका कोपऱ्यातून निघाला, रांगेतून रांगेत गेला, मध्येच थबकला, परत फिरला. डोंगळे वाकत आणि सावरत. दर वेळी वारा वेगळीकडून येई. मी बराच वेळ पाहिले, एकदाही तेच दोनदा झाले नाही. हळूहळू फुले मंद होत गेली, जशी संध्याकाळ पडते तशी.

कडेला बांधावर एक लहानशी आकृती बसली होती.

"ती बांधवर कोन शे?" विठाबाईने विचारले.

"तू."

"मी?" ती खाटेवरून पुढे वाकली. "मी कव्हय बसनू रे बांधवर? बसाले कोन दे माले?"

"म्हणूनच बसवलं, माय."

चित्र संपेपर्यंत विठाबाईने पदर तोंडाशी धरून ठेवला होता.

मी भिकनला विचारले, याचा फोटो काढून ठेवता येणार नाही का? तो म्हणाला, "फोटोत वारा येत नाही बाई." कागदावर काहीच नव्हते. एकेक फूल त्याने पडद्यावर पाहून, हलवून, मनासारखे होईतो लावले होते. सगळे त्या कॅसेटमध्येच होते.

ती जपण्याची त्याची रीत मी रोज पाहत होते. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्याने दोन कॅसेटी ठेवल्या होत्या, एकीत मूळ चित्र, दुसरीत तिची नक्कल. पावसाळ्यात टेपवर पांढरी बुरशी धरते, म्हणून डब्यात फडक्यात बांधलेला भाजका तांदूळ. तांदूळ ओलसर झाला की लता तो बदलायची. डबा टीव्हीजवळ ठेवायचा नाही, स्पीकरजवळ तर नाहीच, कारण त्यातल्या लोहचुंबकाने टेप पुसली जाते. मधूनमधून पेन्सिल घालून टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळायची, म्हणजे चिकटत नाही. आणि कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकची जी लहान खिटी असते, ती त्याने दोन्हींची मोडून टाकली होती. खिटी मोडली की टेपरेकॉर्डरचे रेकॉर्डिंगचे बटण खाली जातच नाही. चुकून काही भरले जाऊ नये म्हणून.

मी चेष्टेने म्हटले, "एवढं मी माझ्या लोणच्यालाही जपत नाही."

"लोणचं वर्षभर तरी टिकतं, बाई. याची मला वर्षाचीही खात्री नाही," तो म्हणाला. हसत नव्हता.

१९८७ च्या मार्चमध्ये त्याच्या मनात आले की चित्र लोकांनी पाहावे. गावातले काही चित्रकार मिळून एप्रिलअखेर एका हॉलमध्ये प्रदर्शन भरवणार होते. तो दोनदा जाऊन आला. पहिल्यांदा त्यांनी विचारले, चित्राचा आकार काय, फ्रेम आहे का? दुसऱ्यांदा त्यांच्यातला एक जण घरी आला, चहा न पिता चित्र पाहत बसून राहिला, आणि जाताना म्हणाला, "पगारे, कोपऱ्यातलं टेबल तुमचं. टीव्ही तुमचा तुम्ही आणा." त्या दिवशी भिकनने पेढे आणले. त्याला फक्त एवढेच हवे होते. आईला बांधावर बसलेले चार अनोळखी माणसांनी पाहावे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात टेपरेकॉर्डरच्या रबरी चाकात नकलेची टेप अडकली आणि तिचा चुरगळा झाला. भिकनने चाक बदलले, स्पिरिटने पुसले, मूळ कॅसेट लावून पाहिली. चित्र नीट आले. रविवारी सुट्टी होती. नवी कोरी कॅसेट आणून दुपारी दुसरी नक्कल करायची, असे त्याने ठरवले. मूळ कॅसेट टेपरेकॉर्डरमध्येच राहिली आणि शनिवारी तो दुपारपाळीला अंबडला गेला.

त्या संध्याकाळी मी चर्चमध्ये झावळ्या बांधत होते. तेव्हा काय घडले हे मला लताने नंतर सांगितले.

मंगळवारी आंबेडकर जयंती होती. विठाबाईच्या माहेरच्या नात्यातली भाची अक्काबाई जवळच्या वस्तीतल्या महिला मंडळाची प्रमुख होती. मोठ्या आवाजाची, मायाळू बाई. विठाबाईला बाबासाहेबांवरच्या जात्यावरच्या ओव्या येत, तिने स्वतः रचलेल्या. पूर्वी दर जयंतीला ती गायची. आता गुडघ्यांमुळे स्टेजवर चढणे होत नव्हते आणि त्या ओव्या दुसऱ्या कुणालाच पाठ नव्हत्या. म्हणून अक्काबाई कोरी कॅसेट घेऊन आली. ओव्या भरून घ्यायच्या, मंगळवारी लाउडस्पीकरवर लावायच्या आणि मंडळाकडे कायमच्या जपून ठेवायच्या.

जाते नव्हते, म्हणून विठाबाईने पाटावरवंटा पुढे ओढला. हात फिरल्याशिवाय तिला गाता येत नसे. पहिली ओवी झाली, आवाज लागला, आणि अक्काबाईने आणलेली कॅसेट अडकली. सुरुवातीचीच टेप सुटून आत गोळा झाली होती. दुकानापर्यंत जाऊन येईतो आवाज बसेल, अशी विठाबाईला भीती. तीच म्हणाली, "अव्वं, यंत्रमा व्हती ती ल्या ना. ती खराब शे. नुसती रडस."

अक्काबाईने आधी काढून ठेवलेली ती कॅसेट परत घातली. बटण खाली जाईना. जयंतीच्या कार्यक्रमांत जन्म गेलेला, तिला कारण लगेच कळले. खिटी मोडलेली होती. जुन्या कॅसेटवर पुन्हा गाणी भरायची असली की सगळेच त्या खाचेवर कागद नाहीतर पट्टी चिकटवतात. तिने विठाबाईच्या दुखऱ्या गुडघ्यावरची औषधाची चिकटपट्टी मागितली. विठाबाईने ती काढून दिली.

लता तेव्हा ओट्यावर चहा करत होती. आत आली तेव्हा सासूबाई डोळे मिटून गात होत्या, आणि ती ऐकत उभी राहिली. कुठली कॅसेट फिरत होती हे तिने रात्री पाहिले, ताटे मांडताना.

रविवारी दुपारी भिकनने टीव्ही लावला तोवर लताची सांगायची हिंमत झाली नव्हती. त्याने कॅसेट सुरू केली आणि खोलीत आईचा आवाज आला. त्याने थांबवली. पाठ पाहिली, पट्टी पाहिली. मी कैऱ्या धुवायला अंगणात होते, मला दारातून दिसत होते. तो बराच वेळ त्या पट्टीच्या कडेवरून नख फिरवत बसला. मग त्याने कॅसेट पुढे पुढे नेली. अगदी शेवटाशी, ओव्या संपल्यावर, ती जुनी किंचाळी थोडी उरली होती. तीन भाग पूर्ण पुसले गेले होते. चौथ्याचे डोके गेले होते, शेपूट राहिले होते.

"तेवढं तरी चालेल का?" मी दारातून विचारले.

"नाही. सुरुवात असल्याशिवाय मशीन त्याला ओळखत नाही." मग म्हणाला, "फुलं पहिल्या तीन भागांत होती. वारा चौथ्यात होता."

लता म्हणाली, "मी बघायला हवं होतं. मी तिथंच होते, हातभर अंतरावर."

"तू चहा करत होतीस. तुझं काही चुकलं नाही. अक्काचंही नाही." आणि मग आवाज खाली आणून, खाटेकडे पाहत तो म्हणाला, "मायला सांगायचं नाही. बाई, तुम्हीही नाही."

विठाबाई झोपेतून उठली आणि तिने पहिला प्रश्न केला, "ऐकं का रे? कसं वाटनं?"

"चांगलं झालं, माय. एक नंबर."

मंगळवारी ती कॅसेट तो स्वतःच वस्तीत घेऊन गेला. लताबरोबर मीही गेले होते. निळे झेंडे, गर्दी, पोरांचे फुगे. लाउडस्पीकरवर विठाबाईच्या ओव्या लागल्या आणि बायका बोलायच्या थांबल्या. विठाबाई खुर्चीवर पुढे बसली होती, ताठ. ओव्या संपल्या आणि लगेच ती किंचाळी सगळ्या वस्तीवर फुटली. लोक दचकले, मग हसले. स्पीकरवाल्याने धावत जाऊन बंद केले. भिकन हसणाऱ्यांच्या मागे उभा होता. तोही हसला.

प्रदर्शनाला तो गेला नाही. तो चित्रकार चौकशीला आला तेव्हा म्हणाला, "दुसरं काहीतरी आणा पगारे, टेबल ठेवलंय." भिकनने त्याला चहा दिला आणि टेबल दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितले.

पावसाळाभर तो परत प्रयत्न करत होता. गणपतीच्या सुमारास त्याने आम्हाला पुन्हा बोलावले. पडद्यावर डोंगळे आले, बांधावर विठाबाई आली, वाराही आला. मला तर ते पहिल्यासारखेच वाटले.

"चांगलं शे," विठाबाई म्हणाली. "डोंगळाच शेतस."

भिकनने तिच्याकडे पाहिले. ती त्याचे मन राखत होती हे त्याला कळले असावे. तिच्या तोंडाशी पदर नव्हता. त्याने टीव्ही बंद केला. ते चित्र त्याने कॅसेटमध्ये भरलेच नाही.

"काय कमी होतं?" मी नंतर विचारले.

"फुलं परत लावता येतात बाई. वारा कसा लावला होता, ते आठवत नाही. तेव्हा दोन वर्षं रोज थोडं थोडं करत होतो. कुठल्या दिवशी काय केलं म्हणून तो तसा झाला, मलाच माहीत नाही."

विठाबाईला मात्र तिच्या ओव्यांचे वेड लागले. जेवणे झाली की म्हणायची, "लाव रे मनं गानं." भिकन लावायचा. ती आपलाच आवाज ऐकत मांडीवर हात गोल फिरवायची. ओव्या संपून किंचाळी सुरू झाली की वैतागायची, "शेवटले ते रडस, ते पुसी टाक ना रे. सगळं गानं बिघाडस."

"उद्या पुसतो, माय."

"रोज उद्या सांगस."

लताने एकदा त्याला माझ्यासमोरच विचारले, "पुसून का टाकत नाही? त्यांना त्रास होतो, तुम्हालाही होतो."

"तो वारा आहे, लता," तो एवढेच म्हणाला. यानंतर तिने कधी विचारले नाही.

१९८८ च्या उन्हाळ्यात संगणकही बंद पडला. आतला कुठलासा भाग गेला होता, तो मुंबईतही मिळेना. भिकनने तो जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला. मला म्हणाला, "आता पूर्ण कॅसेट असती तरी काय, दाखवणार कशात?" तरी त्या वर्षी त्याने आईच्या ओव्यांच्या दोन नकला केल्या, शेवटच्या किंचाळीसकट, एक सेकंदही न कापता. एक अक्काबाईच्या मंडळाला दिली, एक मला. मी ती सुती रुमालात गुंडाळून कपाटात, बायबलाच्या मागे ठेवली. तांदूळ त्याने स्वतः भाजून दिला.

विठाबाई १९८९ च्या फेब्रुवारीत गेली. न्यूमोनियाचे निमित्त झाले. शेवटच्या दिवसांत तिला शुद्ध कमी होती, पण कॅसेट लावली की हात हलायचा. एकदा किंचाळी सुरू झाली तरी ती वैतागली नाही. पडून ऐकत राहिली. भिकन बंद करायला उठला तर तिने त्याचे मनगट धरले. त्याचा अर्थ काय, हे मला ठरवता येत नाही. कदाचित लेक जवळून उठू नये एवढेच असेल.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीचा, कार्यक्रम आमच्या अंगणात झाला. बुद्धवंदना झाली. विठाबाईच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या. तिचा फोटो एकच होता, कुणाच्यातरी लग्नात काढलेला, त्यात ती उभी होती. देवळ्याहून माणसे आली होती, त्यांच्याबरोबर कुणीतरी फुलावर आलेले चार डोंगळे आणले होते आणि फोटोजवळ ठेवले होते. मग अक्काबाई म्हणाली, "आता आत्याच्या ओव्या लावा रे." भिकनने मूळ कॅसेट आणली. खाचेवरची पट्टी अजून तशीच होती, कडांनी काळी पडलेली.

सगळे डोळे मिटून ऐकत होते. पाट्यावर वरवंट्याचा आवाज, त्यावर तिचा आवाज. ओव्या संपल्या. एक श्वास घेतल्याचा आवाज आला आणि मग किंचाळी सुरू झाली.

माणसे चुळबुळली. एका लहान मुलीने कानांवर हात ठेवले. अक्काबाई हळूच म्हणाली, "शेवटी खराब आहे रे कॅसेट. बंद कर."

"असू द्या, अक्का," भिकन म्हणाला. "थोडीच आहे."

तो टेपरेकॉर्डरजवळ मांडी घालून बसला होता, हात जोडलेले. लता उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली. बाकीच्यांना वाटले, बिचाऱ्याला दुःखात सुचत नाही. ती खरखर आणि किंचाळी अंगणभर चालू राहिली, जोरात, मग जरा मंद, मग परत जोरात, आणि मी फोटोजवळच्या त्या चार पांढऱ्या गोळ्यांकडे पाहत बसले. ते हलत नव्हते. टेप संपली, बटण खट्कन वर आले. भिकनने आईच्या फोटोला वाकून वंदन केले आणि तो माणसांना जेवायला वाढायला उठला.

त्या दिवसाच्या नोंदीत मी कार्यक्रमाचे दोन ओळींत लिहिले आहे, आलेल्या पाहुण्यांची नावे लिहिली आहेत, आणि खाली असे: संध्याकाळी दळण टाकायला गेले तर गिरणीचा पट्टा तुटलेला. पीठ उद्या मिळेल.